ध्रुवीय क्रूझची बॅग: उणे तीसचं जाकीट नको, चांगली वॉटरप्रूफ पँट घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरअखेरीस अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडच्या उशुआयाहून निघणारी अंटार्क्टिक द्वीपकल्पाची अकरा दिवसांची क्रूझ ठरली आहे. पार्का, म्हणजे टोपी जोडलेलं लांब वॉटरप्रूफ जाकीट, कंपनी देणार आहे, गमबूट जहाजावर वापरायला मिळणार आहेत. पुढच्या जुलैत स्वालबार्डला, उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवर, जायचा विचार आहे. तेच सामान दोन्हीकडे चालेल का? उणे तीसला पुरेल असं आणखी एक जाकीट घ्यावं का? आणि हे सगळं विमानाच्या २३ किलोंत बसवायचं कसं?

आधी जाकिटाचं सांगतो: घेऊ नका. अंटार्क्टिका म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती दक्षिण ध्रुवाजवळच्या पठारावरची थंडी. क्रूझ तिथे जात नाही. द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत दिवसाचं तापमान शून्याच्या आसपास असतं. कधी उणे तीन-चार, कधी अधिक पाच. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर जुलैत साधारण ३ ते ७ अंश. आकडे ऐकून हायसं वाटेल, पण वारा ते बदलून टाकतो. शून्य अंशाला ताशी ४० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला उणे सातसारखं लागतं; उणे पाचला तोच वारा उणे चौदासारखा. झोडियाक, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर नेणारी रबरी मोटारबोट, वाऱ्याविरुद्ध निघाली की तिचा स्वतःचा वेग त्यात मिळवा. वर खाऱ्या पाण्याचे तुषार. तेव्हा बॅग भरताना थर्मामीटरपेक्षा ओलावा आणि वारा डोळ्यांसमोर ठेवायचे.

एका फेरीत अंगावर काय काय बेततं ते बघा. दहा-पंधरा मिनिटं झोडियाकमध्ये तुषार खात बसायचं. मग घोट्यापर्यंतच्या पाण्यात उतरून किनाऱ्याला लागायचं. मग मऊ बर्फातून चढ चढायचा. दहाव्या मिनिटाला घाम. मग पेंग्विनांच्या वसाहतीजवळ अर्धा-पाऊण तास जवळजवळ स्तब्ध उभं राहायचं, अंगातला घाम गार होत असताना. दुपारी कदाचित किनारा नाहीच, नुसती झोडियाकमधून हिमनगांभोवती तास-दीड तास रपेट. ही रपेट सगळ्यांत थंड. ओल्या रबरावर बसायचं, हालचाल शून्य. हिंडताफिरताना पुरेसे वाटलेले कपडे इथे कमी पडतात. म्हणून एकच अवजड कपडा कामाचा नाही. काढता-घालता येतील असे थर हवेत.

अंगाला लागून असणारा थर मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक असावा. सुती नकोच, अंतर्वस्त्रंसुद्धा शक्यतो सुती नकोत; सुती कापड घाम धरून ठेवतं आणि उभं राहिलं की पाठ गार पडते. मेरिनो घेत असाल तर २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासचं कापड मधलं माप आहे. २५० चढावर गरम होतं, १५० रपेटीला कमी पडतं. वरचे तीन आणि खालचे दोन पुरतात. मेरिनोला वास लवकर धरत नाही आणि जहाजावर धुलाईची सोय असते. मधल्या थराला एक पातळ फ्लीस आणि एक थोडा जाड फ्लीस किंवा पातळ पिसांचं जाकीट. पिसं ओली झाली की चिकटून बसतात आणि ऊब जाते, पण वर वॉटरप्रूफ पार्का असल्यावर ती भीती फारशी उरत नाही. पिसांचं जाकीट मुठीत मावतं, डेकवर पाच मिनिटं व्हेल बघायला पळताना पटकन चढवता येतं. पार्का कंपनीचा असल्यामुळे वरच्या अंगाचं काम इथे संपलं. मात्र पार्का फक्त बाहेरचं कवच आहे की आत वेगळं सुटणारं अस्तर आहे, हे कंपनीला पत्र टाकून विचारा. अस्तर असेल तर जाड फ्लीस घरी ठेवता येईल. मापही तेव्हाच कळवा, आणि ते कळवताना आत दोन थर असणार हे धरून कळवा.

पैसे घालायचे असतील तर ते कमरेखाली घाला. कंपन्या पार्का देतात, वॉटरप्रूफ पँट बहुधा देत नाहीत, आणि बहुतेक लोक नेमकी इथेच काटकसर करतात. पावसाळी पँट उभ्याने पाऊस झेलते. झोडियाकच्या ओल्या नळीवर बसल्यावर मात्र अख्ख्या शरीराचं वजन पाणी कापडातून आत दाबतं. ५,००० मिलिमीटरचं, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब झेलणारं, कापड अशा दाबाला झिरपू लागतं. निदान १०,००० चं घ्या, १५,००० ते २०,००० असेल तर उत्तम, आणि शिवणींना आतून टेप लावलेली असली पाहिजे, विशेषतः मागच्या मधल्या शिवणीला. घरी एक चाचणी करून बघा: जाड टॉवेल पाण्यात भिजवून, न पिळता खुर्चीवर ठेवा आणि आत पातळ थर्मल घालून त्यावर पँटसह वीस मिनिटं बसा. उठल्यावर थर्मल कोरडं असेल तर पँट पास.

दुसरी गोष्ट पँटच्या पायाची. ती गमबुटाच्या बाहेरून खाली यायला हवी. बुटात खोचलेली पँट नळासारखी काम करते. मांडीवरून ओघळलेलं पाणी थेट बुटात जातं आणि एकदा मोजा भिजला की त्या फेरीपुरता पाय गेला. गमबुटाची नळी पिंढरीपाशी बरीच रुंद असते, म्हणून पायाला बाजूने चेन असलेली किंवा मुळातच घेरदार पँट बघा. गमबूट घालून बुटक्या स्टुलावर बसा. पँटची कड घोट्याच्या वर सरकत असेल तर लांबी कमी आहे. आतून जाड भरलेली स्कीची पँट चालते, पण मला साधी, न भरलेली वॉटरप्रूफ पँट जास्त पसंत आहे: आत थर्मल एक की दोन, हे त्या दिवसाचा वारा ठरवेल. खांद्यापर्यंत पट्टे येणारी पँट कमरेपाशी वारा शिरू देत नाही, फक्त शौचालयात वेळ खाते. जीन्स बॅगेत असली तर ती जहाजाच्या आत घालण्यापुरती.

हातांना चार वस्तू लागतात: पातळ लोकरीचे किंवा रेशमी आतले हातमोजे दोन जोड, आणि वॉटरप्रूफ, ऊबदार बाहेरचे दोन जोड. बाहेरचे दोन कशाला? दिवसाला साधारण दोन फेऱ्या होतात, सकाळी आणि दुपारी, मध्ये तीन-चार तास. सकाळी आतून ओला झालेला जाड हातमोजा तेवढ्यात वाळत नाही. ओला होण्याचं कारण बहुधा समुद्र नसतोच. फोटोसाठी मोजा काढला, हातावर बर्फ पडला आणि तोच ओला हात परत आत घातला. असा ओला हात ओढून काढताना सैल अस्तर हाताबरोबर बाहेर येतं आणि बोटं पुन्हा जागेवर बसवणं जवळजवळ अशक्य होतं. दुकानात बघताना अस्तराचं बोट चिमटीत धरून हलकेच ओढा. आत शिवलेलं असेल तर ते येत नाही. बोटं जात्याच गार पडत असतील तर बाहेरचा एक जोड चार बोटं एकत्र राहणारा घ्या, त्यात ऊब जास्त टिकते. फोटो काढणाऱ्याने असा मोजा वर आणि पातळ मोजा आत ठेवला, तर वरचा क्षणभर काढून बटण दाबता येतं. मनगटाला दोरी हवीच. वाऱ्याने उडून पाण्यात गेलेला हातमोजा अंटार्क्टिकात पडलेला कचरा ठरतो.

हात गरम ठेवणाऱ्या रासायनिक पुड्या घेणार असाल तर त्यांचं तत्त्व माहीत असू द्या: आतल्या लोखंडाच्या भुकटीचा हवेशी संयोग होऊन उष्णता निघते. घट्ट बुटात हवा पोचत नाही, म्हणून तिथे त्या लवकर थंड पडतात. हातमोज्यात चालतात, उघड्या कातडीला लावू नयेत, आणि वापरलेली पुडी जहाजावर परत आणायची.

पायांच्या बाबतीत जास्त मोजे घालायचा मोह आवरा. एक पातळ आणि त्यावर एक जाड लोकरी, बस. तिसरा घातला की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि मोजे वाढवूनही बोटं बधिर होतात. बुटात बोटं मोकळेपणी हलवता आली पाहिजेत. जहाजाला बुटाचं माप कळवताना म्हणूनच नेहमीच्यापेक्षा एक नंबर मोठं कळवा, आणि पाय फार लहान वा फार मोठा असेल तर तो नंबर आहे का याची खात्री आधीच करून घ्या. जाड मोजे चार जोड, पातळ तीन. बूट जहाजावरच मिळणार असल्यामुळे ट्रेकिंगचे बूट नेऊ नका. पाण्यात उतरायचं आहे, घोट्याइतके बूट पहिल्या पावलात भरतात.

डोक्याला कान झाकणारी, वाऱ्याने न उडणारी कानटोपी. गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखी कापडी गळपट्टी, दोन, कारण श्वासाने एक ओला होतो. मफलर नको, त्याची टोकं लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांत अडकतात. डोळ्यांचा विषय जास्त गंभीर आहे. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे चुरचुरतात. चष्मा बाजूनेही झाकणारा, यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवणारा) आणि पोलराइज्ड (चकाकी कापणारा) असावा. पोलराइज्ड काचेतून कॅमेऱ्याचा पडदा काही कोनांतून काळा दिसतो. कॅमेरा बिघडला समजून घाबरू नका, मान तिरकी करा. तुषार आणि बर्फ समोरून येत असेल तेव्हा स्कीचे गॉगल उपयोगी पडतात. नंबरचा चष्मा वापरणाऱ्यांनी दुसरा चष्मा न्यायचाच, शक्य असल्यास रोज फेकायच्या कॉन्टॅक्ट लेन्सही. बफ नाकावर ओढला की चष्म्यावर वाफ धरते. सनस्क्रीन ५० एसपीएफचं, आणि ते हनुवटीखाली व नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, कारण ऊन इथे खालूनही येतं. ओठांना सनस्क्रीन असलेला बाम.

कपडे चढवायचा क्रम केबिनमध्ये एकदा करून बघण्यासारखा आहे. आधी शौचालय, किनाऱ्यावर ती सोय नसते आणि बर्फावर उरकायला परवानगी नाही. मग सनस्क्रीन, थर्मल, मोजे, मधला थर, वॉटरप्रूफ पँट, बूट, बफ, पार्का आणि सर्वांत वर लाइफ जॅकेट. पार्काची चेन आणि हातमोजे आपल्या गटाची हाक येईपर्यंत उघडेच ठेवा. केबिन वीस-बावीस अंशांची असते. पूर्ण तयारीत दहा मिनिटं रांगेत उभं राहिलात तर घाम येतो, आणि बाहेर पडल्यावर थंडी वाजते ती त्याच घामाची. लाइफ जॅकेट पार्काच्या खिशांवर बसतं, म्हणून फोन, लेन्सचं फडकं, जादा बॅटरी हे सगळं ते घालण्याआधीच हाताशी येईल अशा खिशात हवं.

आता ज्याचा विचार बॅग भरताना फार थोडे लोक करतात ते: स्वच्छता. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या बहुतेक प्रवासी जहाजांच्या कंपन्या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या आयएएटीओ या संघटनेच्या सदस्य आहेत, आणि तिच्या नियमांनुसार पहिल्या किनाऱ्याआधी प्रत्येकाच्या बाहेरच्या कपड्यांची, बुटांची, बॅगांची तपासणी होते. व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटे घेऊन कर्मचारी बसलेले असतात. शेवटी एका प्रतिज्ञापत्रावर सही. यात अतिरेक नाही. पोआ ॲनुआ हे तुमच्या-आमच्या अंगणात उगवणारं साधं गवत द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावरच्या आर्क्टोव्स्की या पोलिश तळाजवळ १९८५-८६ च्या सुमारास आढळलं आणि मग तिथे रुजलं. बियाणं कुणाच्या तरी सामानातूनच येतं.

तेव्हा घरीच साफ करा. जुन्या कपड्यांचे खिसे उलटे करून, धूळ झटकून धुवा. खिशाच्या तळाच्या शिवणीत साचलेला कचरा धुलाईयंत्रात निघत नाही, तो टूथपिकने खरवडावा लागतो. व्हेल्क्रोची आकडेवाली बाजू सगळ्यांत वाईट: गवताची कुसळं, लोकरीचे धागे, कुत्र्या-मांजराचे केस सगळं धरून ठेवते. ती ताणून, थोडी वाकवून, जाड सुईने किंवा दाभणाने एकेक ओळ उकरत जा. मनगटाएवढ्या पट्टीला पाच मिनिटं लागतात. म्हणूनच नवं काही घेताना व्हेल्क्रोऐवजी चेन किंवा बटणं असलेलं घ्या, आणि फ्लीस बाहेरचा थर म्हणून वापरू नका. सॅकच्या बाजूची जाळी, चालण्याच्या काठीचं रबरी टोक, कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कोपऱ्यातली माती यांवरही तपासनीसाची नजर असते. क्रूझ दक्षिण जॉर्जियालाही जात असेल तर तिथे बेटाच्या सरकारचे अधिकारी तपासायला येतात, आणि तिथल्या असीना नावाच्या झुडपाची काटेरी फळं मोज्यांना इतकी चिकटतात की प्रत्येक फेरीनंतर पुन्हा हेच काम निघतं.

२०२३-२४ च्या हंगामापासून यात बर्ड फ्लूची भर पडली. किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, आडवं व्हायचं नाही, बॅग किंवा कुठलीही वस्तू खाली ठेवायची नाही. बूट जाताना-येताना जंतुनाशकात बुडवायचे. बॅग भरणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: घडीचं आसन आणि ट्रायपॉड घरी राहतील, आणि सॅक अशी हवी की खांद्यावरून पुढे छातीवर फिरवून उभ्याउभ्या उघडता येईल. २० ते ३० लिटरची, तोंड गुंडाळून बंद होणारी वॉटरप्रूफ सॅक, छातीला पट्टा असलेली. झोडियाकमध्ये चढताना खलाशाचा हात मनगटाच्या वर, कोपराखाली धरायचा असतो, तेव्हा दोन्ही हात मोकळे लागतात. हातात कॅमेरा किंवा खांद्यावरून लोंबती झोळी चालत नाही. किनाऱ्यावर खायचं काही नेता येत नाही, पाणी मात्र जवळ ठेवा.

कॅमेऱ्याबाबत दोनच गोष्टी नीट सांभाळा, बॅटरी आणि वाफ. लिथियम बॅटरी थंडीत तात्पुरती मंदावते. चाळीस टक्के दाखवणारा फोन अचानक बंद होतो आणि केबिनमध्ये परत जिवंत होतो. जादा बॅटरी बाहेरच्या खिशात ठेवली तर तीही मेलेलीच निघेल; ती आतल्या थराच्या खिशात, अंगाच्या उबेला. वाफेचं याच्या उलट: गार कॅमेरा केबिनमध्ये उघडा आणला की उबदार, दमट हवेतलं पाणी काचेवर आणि आतही जमतं. डेकवर असतानाच तो चेनवाल्या प्लॅस्टिक पिशवीत घालून हवा दाबून बंद करा, केबिनमध्ये तास-दोन तास तसाच राहू द्या. मेमरी कार्ड काढायची घाई असेल तर ते बाहेरच काढून घ्या. पेंग्विनांपासून पाच मीटरचं अंतर राखायचं असतं, तेव्हा तिथे १०० मिलिमीटरची लेन्सही भरपूर होते. डेकवरून पक्षी आणि व्हेल टिपायला १००-४०० सारखी लेन्स. वसाहतीपाशी लेन्स बदलू नका, पिसांचा भुगा आत जातो. ड्रोन नेऊ नका, आयएएटीओच्या जहाजांवर हौसेसाठी तो उडवू देत नाहीत. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवायची, १०० वॉट-तासांखालची. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. जहाजावर बहुधा युरोपीय दोन गोल पिनांचे सॉकेट असतात आणि एका केबिनमध्ये ते थोडेच असतात. एकाचे अनेक करणारा छोटा यूएसबी चार्जर न्या. एक्स्टेन्शन बोर्ड नेण्याआधी विचारा. सर्ज प्रोटेक्टर असलेले अनेक जहाजांवर चालत नाहीत.

दुर्बीण प्रत्येकाला स्वतःची हवी. ८x४२ घ्या, म्हणजे आठपट जवळ आणणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०x जास्त जवळ आणते खरी, पण डोलत्या डेकवर हाताची थरथरही तितकीच वाढवते.

ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळता समुद्र. सर्वांत अरुंद जागी सुमारे ८०० किलोमीटर, ओलांडायला दीड ते दोन दिवस. औषध कुठलं ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं, पण वेळेचं गणित समजून घ्या. जहाज संध्याकाळी उशुआयाहून निघतं आणि पहिले काही तास बीगल चॅनलच्या आडोशात असतं. सगळे मजेत जेवतात. मोकळा समुद्र लागतो तेव्हा लोक झोपेत असतात. पोट ढवळू लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. म्हणून गोळी त्या रात्री झोपण्याआधीच. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी निदान चार तास आधी लावावी लागते, ती तीन दिवस चालते; लावून झाल्यावर हात साबणाने धुवा, कारण तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसणं धूसर होतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. कुठलंही नवं औषध प्रवासाआधी घरी एकदा घेऊन बघा. काहींना एका गोळीने दिवसभर गुंगी येते. रोजची औषधं लागतात त्याच्या दीडपट ते दुप्पट, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. जहाजावर डॉक्टर असतो, पण मोठं रुग्णालय दोन दिवसांच्या अंतरावर. ठणकणारी दाढ निघण्याआधी बघून घ्या. आणीबाणीत हलवण्याचा खर्च भरणारा विमा लागतोच. किती रकमेचा, ते कंपनी लिहून देते.

जहाजाच्या आत काय घालायचं याची चिंता करू नका. दोन साध्या पँटी, चार टीशर्ट-शर्ट, एक स्वेटर. कॅप्टनच्या जेवणालाही लोक असेच बसतात. पादत्राणं मात्र मागून बंद आणि रबरी तळाची. डोलत्या जिन्यावर चपला निसटतात. गार पाण्यात उडी मारण्याचा कार्यक्रम बहुतेक जहाजांवर असतो, त्यासाठी पोहण्याचा पोशाख. हवा फार कोरडी असते, हातांना आणि पायांना लावायचं क्रीम घ्या. ड्रेकमध्ये टेबलावरचं सगळं जमिनीवर येतं, तेव्हा एक जादा कापडी पिशवी कॅमेरा आणि चष्मा रात्री गुंडाळून कपाटात ठेवायला उपयोगी पडते.

स्वालबार्डला हेच सामान चालेल, थोडे फरक करून. तिथल्या किनाऱ्यांवर बर्फापेक्षा दगड आणि ओलं शेवाळ जास्त, पण गमबूट तेच. लाँगइयरब्येन या तिथल्या मुख्य गावी साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळत नाही, म्हणून डोळ्यांवरची पट्टी आठवणीने. लेन्सचं गणित मात्र उलटतं. २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर ठेवावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. ३०० मीटरवरचं अस्वल १०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये एक पिवळट ठिपका असतो. इथे ४०० किंवा त्याहून जास्त लागेल, आणि दुर्बीण नसेल तर दिवस वाया. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाही, पण तिथली वाट नॉर्वेतून जाते. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी तो दोनदा प्रवेशाचा काढावा, नाहीतर परतीच्या वाटेवर अडकतील. सहलीत ग्रीनलंडचे आतले फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे, असतील तर जुलैत डोक्यावरून घ्यायची डासांची जाळी न्या. तिथे डास असतात, आणि भरपूर असतात.

वजनाचं बघू. वर सांगितलेलं सगळं कॅमेरा धरून १५ ते १८ किलोंत बसतं. तुम्ही २३ च्या वर जात असाल तर बहुधा दुसरं जाकीट किंवा बूट आत शिरले आहेत. उशुआयाला जाणाऱ्या देशांतर्गत विमानांत मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा कमी असू शकते, तिकिटावर बघा. ड्रेक टाळून किंग जॉर्ज बेटापर्यंत विमानाने नेणाऱ्या सहलींत ती हातातल्या सामानासह २० किलोंच्या आसपास असते आणि तिथे सूट मिळत नाही.

त्याहून महत्त्वाचं, काय हातात ठेवायचं. मोठी बॅग वाटेत हरवली तरी जहाज थांबत नाही, आणि नंतर ती पोचवायला कुणी येत नाही. म्हणून एक थर्मल जोड, वॉटरप्रूफ पँट, हातमोजे, कानटोपी, दोन जोड मोजे, औषधं, चष्मे, कॅमेरा आणि कागदपत्रं केबिन बॅगेत. पार्का आणि बूट जहाजावर असल्यामुळे एवढ्यावर अख्खी सहल निभावते. शिवाय एक रात्र आधी उशुआयाला पोचा. बॅग मागून आली तर गाठ पडेल, नाहीच आली तर भाड्याने कपडे देणारी दुकानं तिथे आहेत.

पार्का परत द्यायचा असतो की ठेवायचा, हेही आधी विचारा. ठेवायचा असेल तर परतीच्या बॅगेत दीड-दोन किलोंची आणि अर्ध्या उशीएवढी जागा रिकामी लागते. आणि एक मोठी, घट्ट बंद होणारी प्लॅस्टिक पिशवी वॉटरप्रूफ पँटसाठी. पेंग्विनांची विष्ठा, क्रिल नावाचे कोळंबीसारखे छोटे जीव खाऊन गुलाबी झालेली, पँटच्या कडेच्या शिवणीत जाऊन बसते. जहाजावर ब्रशने कितीही घासली तरी वास थोडा उरतोच, आणि बंद बॅगेत तो मेरिनोलाही लागतो.